अंगावरचं आणि वरचं

‘अंगावरचं दूध’ हा शब्द मी आता तोंडातून काढत नाही. कुणी माझ्यासमोर काढला तर त्याला मध्येच थांबवते आणि ‘आईचं दूध म्हणा’ असं सांगते. लोकांना वाटतं, बाई आगाऊ आहे. वाटू दे. त्या शब्दापायी माझी मुलगी हातची जाणार होती. शब्दाला काही शिव्या देता येत नाहीत, म्हणून मी माणसांना देते.

मराठीत बाळाच्या दुधाचे दोनच प्रकार. आईचं ते अंगावरचं, आणि बाकी सगळं, म्हणजे गाईचं, म्हशीचं, शेळीचं, डब्यातल्या पावडरीचं, ते वरचं. नांदेडकडे माझ्या माहेरी बायका दिवसभर हेच बोलायच्या. ‘तिला अंगावरचं पुरंना, म्हणून वरचं सुरू केलंय.’ बाईच्या छातीचं नाव घ्यायला नको म्हणून कुणा शहाण्याने ‘अंग’ म्हटलं असणार. अंग म्हणजे काय, कोपर? गुडघा? बायकांना बरोबर कळतं. पुरुषांनी एक तर समजून घ्यायचं, नाहीतर न समजता मान हलवायची. आमच्या घरातल्या पुरुषांनी मान हलवली.

आमचं घर म्हणजे तेलुगू मुलखातल्या अंबरपेठेतलं माझं सासर. मराठवाड्यातून ही मंडळी सासऱ्यांच्या तरुणपणी इथे आली आणि नोकऱ्या धरून राहिली. सासूला आमच्यात आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. रविवारी विहारात जमलेल्या पोरांना ते स्त्रियांच्या शिक्षणावर, समतेवर बोलतात आणि चांगलं बोलतात, मी ऐकलेलं आहे. नवरा इथेच जन्मला. घरात मराठी, गल्लीत दखनी, चिक्कडपल्लीच्या ऑफिसात तेलुगू, अशी त्याची तीन तोंडं. त्यातलं मराठी सगळ्यात कच्चं. ‘पंचावन्न’ म्हटलं की ‘पचपन ना?’ असं विचारून घेतो, आणि मराठी पेपर वाचताना अक्षराखाली बोट फिरवतो. आकड्याचा अर्थ विचारायला त्याला कधी लाज वाटली नाही, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते.

मुलगी झाली आणि तीन-एक आठवड्यांत माझ्या उजव्या बाजूला गाठ धरली. आधी दुखलं, मग ताप चढला, मग हात लावू देईना. आत्यांनी गरम फडक्याने शेकलं. शेजारच्या चाचींनी अछवानी करून पाठवली, बाळंतिणीला द्यायची ती ओव्याची गोड पेज. माझ्या आईने नांदेडहून फोनवर आळीवाची खीर सांगितली. सगळ्यांचा एकच सल्ला, खा आणि पाज. गाठीकडे बघायला कुणी तयार नव्हतं, कारण बघायचं म्हणजे पदर बाजूला करायचा. डाव्या बाजूने मी पाजत होते, पण ते पुरत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पावडरीचा डबा आणला होता. साध्या पावडरीने तिला उलट्या व्हायच्या, तेव्हा हा वेगळाच डबा होता आणि सहज मिळत नव्हता. अंबरपेठेत नाहीच. कोठीच्या बाजारात एक औषधवाला सांगून ठेवलं तर मागवून द्यायचा, तेही त्याच्या मर्जीने. तो डबा स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या कप्प्यात ठेवलेला असे.

शेवटी कोठीकडच्या एका दवाखान्यात मला दाखल केलं. गळू होतं, चिरा द्यावा लागला. मी बाळाला बरोबर ठेवते म्हटलं, तर ‘इन्फेक्शन होईल’ म्हणून ठेवू दिलं नाही. मग मी नवऱ्याशी ठरवलं की चांगल्या बाजूचं दूध काढून ठेवीन, तुम्ही सकाळ-संध्याकाळ घरी न्या, आणि कमी पडेल तिथे डबा. मी त्याला तुम्ही म्हणते. म्हणत होते.

ऑपरेशननंतर सर्जन आला, त्याने पलंगाच्या पायाकडूनच कागद बघितला आणि नर्सला काहीतरी सांगून गेला. नर्स उदगीरकडची होती. मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून सकाळपासून माझ्याशी माहेरवाशिणीसारखी वागत होती. तिने मला सांगितलं की गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत तोवर तुमचं दूध बाळाला चालणार नाही, काढून टाकून द्या. मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, सर बोललेत. मग ती बाहेर गेली आणि कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला तिने तेच सांगितलं. तिचं वाक्य असं होतं, ‘बाळाला अंगावरचं दूध नका देऊ.’

नवऱ्याच्या कानात शिरलं ते ‘वरचं दूध नका देऊ.’ त्याला ‘वरचं’ माहीत होतं, घरात डबा आल्यापासून तो शब्द रोज होता. ‘अंगावरचं’ त्याला माहीत नव्हतं. त्याच्या आधी काहीतरी ‘अंग’ असं आलं, तेव्हा तो थोडा गोंधळला, हे त्याने नंतर कबूल केलं. पण बाईमाणसाला, तेही नर्सला, ‘अंग म्हणजे काय?’ असं कसं विचारायचं? त्याने मान हलवली. घरी जाऊन आईला सांगितलं, ‘वरचं दूध द्यायचं नाही म्हणे.’ आणि ऑफिसला गेला.

मराठीत ‘ध चा मा’ झाला म्हणतात. लहानपणी शाळेत ती गोष्ट ऐकताना वाटायचं, राजवाड्यातच असं होतं, एका अक्षरात माणूस मारायला तिथे पत्रं लागतात. अंबरपेठेत लागत नाहीत. ‘अंगा’ एवढं गाळलं की काम होतं.

मी तिकडे दवाखान्यात डाव्या बाजूचं दूध पिळून बेसिनमध्ये सोडत होते. ठणका लागलेल्या हाताने, भिंतीला टेकून. वर नळ सोडायचा, म्हणजे वास राहत नाही. बाळ डब्यावर आहे, पोट भरलेलं आहे, ह्या एका विचारावर मी ते करत होते. दर थोड्या वेळाने आत्यांना फोन करायचे. पहिल्यांदा मागून रडण्याचा आवाज यायचा. नंतर यायचा बंद झाला.

‘काय करतीय?’

‘झोपूनच हाय. काई तरास नाही. लई शहाणी हाय पोर, माय गेली तर समजून राहिली.’

मला बरं वाटलं. मी आत्यांचे आभार मानले, हे आठवलं की आजही अंगाची लाही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळी नवरा खिचडीचा डबा घेऊन आला. मी दोन घास खाल्ले आणि सहज म्हटलं, ‘पावडर संपत आली असेल. येताना कोठीच्या त्या माणसाला सांगून ठेवा.’

‘कायकू?’ तो म्हणाला. ‘बंद आहे ना ते.’

‘काय बंद आहे?’

‘वरचं. सिस्टर बोलली ना काल, वरचं दूध नका देऊ म्हणून. मम्मीला सांगितलं मी.’

‘मग ती काय पिते?’

त्याने खिचडीकडे बघितलं. ‘मम्मी देते ना काहीतरी. साखरेचं पाणी, गुटी, असं.’

काहीतरी. ज्याला आईचं दूध नाही आणि डबा नाही, ते तीन-चार आठवड्यांचं बाळ काय पीत असेल, हा प्रश्न ह्या पदवीधर माणसाला आदल्या दुपारपासून पडला नव्हता. तो वाईट माणूस नाही. प्रेमळ आहे, मुलीचे शंभर फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते. पण बाळ काय खातं हे बायकांचं खातं, असं त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की निरोप पोचवला, आपलं काम झालं. मी पलंगावरून उतरले. ड्रेसिंग ओढलं गेलं, दुखलं, आणि मी आत्यांना फोन लावला.

‘आत्या, तिला घेऊन इकडे या. आत्ताच्या आत्ता.’

‘आव झोपलीय की. उठवू कामून?’

‘उठते का बघा.’

फोन तसाच सुरू होता. आत्यांचा आवाज ऐकू येत होता, पोरीला हाका मारणारा, आधी लाडाचा, मग घाबरा. मग त्या फोनवर आल्या. ‘डोळे उघडंना गेलीय,’ म्हणाल्या.

मामा आणि आत्या ऑटोने तिला घेऊन आले. ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला ते मला माहीत नाही, मी दाराशी उभी होते आणि नवरा माझ्या मागे सलाइनची बाटली धरून. आत्यांच्या हातातून पोर घेतली तर टाळू बसलेली, ओठांवर पांढरी साल, लंगोट कोरडा. तिचं वजन हाताला लागतच नव्हतं. वरच्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड होता. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला घेतलं आणि सुई लावायला शीर शोधत शोधत विचारलं, ‘आख़री बार दूध कब पिलाए?’

आत्या म्हणाल्या, ‘कल दोपहर को.’

डॉक्टरचा हात थांबला. त्याने वर बघितलं आणि परत शीर शोधायला लागला. पायात मिळाली नाही, हातात मिळाली नाही, शेवटी डोक्यात मिळाली. सुई टोचली तेव्हाही ती रडली नाही.

मी आत्यांवर ओरडले. वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले. ‘डबा फडताळात होता, आत्या. हात वर केला असता तर मिळाला असता.’

‘डॉक्टरनं बंद सांगितलं म्हणून तर.’ त्या म्हणाल्या. ‘परवा वकली व्हती ना ती दूध. मला वाटलं पोटाला आराम देयाला सांगितलंय. लंघन. मी काय वैरी हाय का तिची?’

त्या वैरी नव्हत्या. मुलगा डॉक्टरचा निरोप घेऊन आला आणि त्यांनी तो पाळला. उलटी झाली की लंघन, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. पण वैरी नाही म्हणून मी थंड व्हायचं असं कुठे लिहिलं आहे? वैऱ्याने उपाशी ठेवलं काय आणि आजीने ठेवलं काय, पोटाला फरक कळत नाही.

खालची नर्स धावत वर आली. ‘ताई, मी अंगावरचं बोलले होते. अंगावरचं नका देऊ, असंच बोलले.’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘आईचं नका देऊ, एवढं का नाही म्हणालीस?’

‘जेन्ट्स होते ना समोर. पटकन तेच तोंडात आलं.’

‘आईचं’ म्हणायलासुद्धा जेन्ट्स आडवे आले. दिवसभर रोग्यांची नागडी शरीरं पुसणारी ती मुलगी, तिलाही एका बापाला त्याच्या लेकराचं दूध कुठून येतं हे सरळ सांगता आलं नाही. शेजारच्या कॉटवर एक तेलुगू आजी नातवाला घेऊन बसली होती. एवढा आरडाओरडा बघून तिने नवऱ्याला विचारलं, काय झालं. त्याने कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, ‘तल्लि पालु लेवा? डब्बा पालु इव्वंडि.’ आईचं दूध नाही का, मग डब्याचं द्या. तल्लि म्हणजे आई, डब्बा म्हणजे डबा. संपलं. सहा शब्दांत तिने ते केलं जे आमच्या घरातल्या चार माणसांना आणि एका नर्सला जमलं नव्हतं.

सलाइनमधून साखर गेली आणि संध्याकाळच्या सुमाराला पोरीने मूठ हलवली. डॉक्टर म्हणाला, आता थोडं थोडं दूध सुरू करा, आईचं आहे का? मी म्हटलं, आहे, पण ह्या औषधांमुळे देऊ नका म्हणाले. त्याने माझा कागद मागवून घेतला, औषधांची नावं वाचली आणि खांदे उडवले. ‘इससे कुछ नै होता. पिला सकते थे.’

मी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. म्हणजे बेसिनमध्ये सोडलेलं सगळं दूध तिचं होतं, चांगलं होतं. सर्जनला ते नीट बघायला वेळ नव्हता म्हणून त्याने ‘नको’ म्हणून टाकलं. नको म्हणायला काय जातं? बाळ त्याच्या वॉर्डात नव्हतंच. मी खाली निरोप पाठवला की सर्जनना भेटायचं आहे. सर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशीही सर निघून गेलेले होते.

डब्याचीही गरज होतीच, कारण माझं एका बाजूचं किती पुरणार? दवाखान्यात दूध बँकेचं दूध होतं, पण ते अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी राखलेलं. नवरा कोठीला पळाला. त्या औषधवाल्याकडे आमचा डबा नव्हता. तिथून त्याने फोन केला, ‘दो नंबर का है बोलता, आणू?’

फोन मामांनी घेतला होता. ‘दोन नंबरचा माल आपल्याला नको,’ ते करड्या आवाजात म्हणाले. ‘असली आण, पैसे गेले तरी चालतील.’

दोन नंबर म्हणजे सहा महिन्यांपुढच्या बाळाची पावडर. आम्हाला एक नंबर हवा होता. मामांना वाटलं औषधवाला नकली माल गळ्यात मारतो आहे. दुसरा एखादा दिवस असता तर मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी फोन हिसकावून घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, घरी जा, फडताळातला आहे तो घेऊन या, तो अजून अर्धा भरलेला आहे. अर्धा भरलेला होता, हेच तर.

डबा येईपर्यंत मी कॉटवर बसून डावी बाजू मोकळी केली. पोरीला चोखायची ताकद नव्हती, म्हणून वॉर्डातल्या बाईने स्टीलचं बोंडलं आणून दिलं आणि मी त्यात दूध काढायला लागले. मामा लगेच उठले आणि दाराकडे वळले.

‘मामा, बसा,’ मी म्हटलं. ‘हे बघूनच जा. हेच ते अंगावरचं.’

ते बसले. मान खाली घालून बसले, पण बसले. विहारात एवढं बोलतात, तेव्हा एक संध्याकाळ बसायला हरकत नव्हती. बोंडल्याने थेंब थेंब तिच्या ओठांत सोडलं. पहिलं बाहेर आलं, मग एक घोट गिळलेला गळ्यावर दिसला.

नवरा डबा घेऊन परतला तेव्हा डॉक्टर फेरीवर होता. त्याने नवऱ्याला समोर उभं केलं. ‘बाप तुम हो? बोलो, बच्ची को क्या देना है?’

‘दूध.’

‘कौनसा?’

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मग मामांकडे, मग जमिनीकडे. ‘वो… इनका. और डब्बे का.’

‘इनका काय?’ मी विचारलं. ‘नीट सांग.’ सगळ्यांसमोर त्याला मी पहिल्यांदाच अरेतुरे केलं, आणि ते मागे घेतलं नाही. ‘बायकोच्या छातीचं दूध. म्हण.’

‘अगं, सगळे आहेत.’

‘सगळे कालही होते. म्हण.’

त्याने म्हटलं. पुटपुटला. मी मोठ्याने म्हणायला लावलं. तो रडत होता आणि माझा राग तरीही उतरला नव्हता. डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या कॉटकडे निघाला. तेवढ्यात इतका वेळ कॉटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आत्यांनी त्याला हाक मारली.

‘डॉक्टर साब, बच्चा भूका रहा तो रोता ना? ये तो रोईच नै.’

‘पहले रोता, अम्मा. फिर रोने की ताकत नै रहती. चुप हो जाता. सो रहा बोलके लगता.’

तो गेला. आत्या स्टुलावर बसल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती हे मला माहीत होतं. नजर लागून गेली, असं घरात सांगतात, आणि तिचा विषय कुणी काढत नाही. आत्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. मुलगी झाली तेव्हा त्या गावीच होत्या. बाळंतपणानंतर लवकरच दुसऱ्याच्या शेतात मळणीला जायला लागल्या. पोर सासूजवळ ठेवायच्या. सकाळी पाजून जायचं, अंधार पडता यायचं. दिवसभर छाती दगडावानी व्हायची, बांधावर बसून मातीत पिळायच्या. ‘छाती’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा ऐकला. आठवडाभर पोर रडली, मग गप झाली. सासू आल्या-गेल्याला सांगायची, लेकरू लई गुणी हाय, कुणाला आवाज नाही देत.

‘आम्ही समदे खूश व्हतो,’ त्या म्हणाल्या. ‘मग एक दिवस आले तर…’

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

‘म्हंजी ती बी भुकेलीच व्हती व्हय गं?’

मी ‘नाही’ म्हणू शकले असते. आजारी असेल, आत्या, पन्नास कारणं असतात, असं म्हणता आलं असतं, आणि म्हाताऱ्या बाईला ते ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. पण त्या घरात एकमेकांची लाज राखायला पुष्कळ काही बोलायचं राहून गेलं होतं.

‘हो, आत्या,’ मी म्हटलं. ‘भुकेली होती.’